बूट, गाजर आणि चिडवणारी कविता

प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये राहणारी एक मराठी मुलगी. नवऱ्याचे आजोबा 1950च्या दशकात नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातून तिकडे गेले. डिसेंबरातलं सगळं सासूबाई करायच्या, त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या आणि घरातलं डचपण त्यांच्याबरोबरच संपल्यासारखं झालं. मुलं 6 आणि 9 वर्षांची. गणपती-दिवाळी घरात होतेच, पण वडिलांकडचंही काही मुलांना मिळावं असं तिला वाटतं. ‘डच ख्रिसमस कसा करायचा? आणि मी केला तर तो नकली वाटणार नाही का?’

मी नेदरलँड्समध्ये 22 वर्षं आहे. सासर डेव्हेंटरचं. त्यातली 17 वर्षं शाळा सुटल्यावर मुलं थांबतात त्या पाळणाघरात नोकरी केली, म्हणजे डिसेंबरचे 17 महिने पोरांच्या गराड्यात काढलेत. त्या भांडवलावर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही चुकीच्या तारखेवर बोट ठेवलंय. डच घराचा खरा धिंगाण्याचा दिवस 25 डिसेंबर नाही, 5 डिसेंबरची संध्याकाळ आहे. तिला ‘पाक्येसआवोंत’ म्हणतात, पुडक्यांची संध्याकाळ. त्या दिवशी सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, येतो. लाल झगा, बिशपची उंच टोपी, पांढरा घोडा. 6 डिसेंबर हा मायरा नावाच्या गावच्या या संताचा दिवस, त्याची ही आदली रात्र. भेटवस्तू, गाणी, थट्टा, आरडाओरडा सगळं तेव्हा उरकतं. मग सिंट स्पेनला परत जातो आणि त्यानंतरच बहुतेक घरांत ख्रिसमसचं झाड उभं राहतं. ख्रिसमस त्या मानानं शांत: दोन दिवस सुट्टी, लांबलेली जेवणं, मेणबत्त्या. पहिला दिवस एका आईबापांकडे, दुसरा दुसऱ्यांकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी बरेच लोक चक्क फर्निचरची दुकानं बघायला जातात. ही थट्टा नाही, मी स्वतः गेले आहे.

म्हणून सगळं ओझं 25 तारखेवर टाकू नका. अमेरिकेत तो दिवस सांताच्या मालकीचा आहे, तिथे तुमचा सिंट हरेल. 5 डिसेंबर मात्र तुमच्या गल्लीत कुणाचाच नाही. मुलांनी विचारलं की हे दोघे कोण, तर खरं तेच सांगा. न्यूयॉर्क पूर्वी न्यू ॲमस्टरडॅम होतं, तिथल्या डच वस्तीचा सिंटरक्लास पुढे बोली बदलत बदलत सांताक्लॉज झाला. एक म्हातारा मूळ घरी राहिला, दुसरा परदेशी जाऊन जाडा झाला. पोरांना हे स्पष्टीकरण फार आवडतं.

आता नकलीपणाची भीती. सिंट दरवर्षी नोव्हेंबरात आगबोटीतून स्पेनहून येतो, सगळा देश टीव्हीवर बघतो, आणि हे जणू अनादिकालापासून चालू आहे असं लोक बोलतात. प्रत्यक्षात आगबोट आणली ॲमस्टरडॅमच्या यान शेंकमान नावाच्या एका शाळामास्तरानं, 1850 साली छापलेल्या मुलांच्या पुस्तकात. तेव्हा आगबोट म्हणजे नवलाईचं यंत्र होतं. आज कुणी सिंटला इलेक्ट्रिक गाडीतून आणावं, तसं. ख्रिसमसच्या जेवणातलं ‘खूरमेतन’, ज्याबद्दल पुढे लिहिते, ते 1970च्या दशकात रुळलं. तेव्हा तुम्ही काही जोडलंत, काही गाळलंत, तर त्यात पाप नाही. उलट यान स्टीन या चित्रकाराचं सतराव्या शतकातलं सिंट निकोलसच्या सकाळचं चित्र मुलांना दाखवा, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, नेटवर सहज दिसतं. लहान मुलगी बाहुली घट्ट कवटाळून उभी, मोठा भाऊ रडतोय कारण त्याच्या बुटात खाऊऐवजी छडी निघाली, धाकटं पोर त्याच्याकडे बोट दाखवून हसतंय, आणि मागे पडद्याआडून आजी खुणावतेय की ये रे, तुझंही काहीतरी ठेवलंय. आगबोट नाही, टीव्ही नाही, पण घर तेच आहे.

त्या चित्रात जे आहे तेच धरायचं. विकतचं सामान नाही, चिडवणं धरायचं.

माझी पहिली पाक्येसआवोंत मला अजून आठवते. मी सासूबाईंसाठी महागडी शाल घेतली, दुकानातूनच सुंदर बांधून आणली. त्यांनी पुडकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘कविता कुठाय?’ मला वाटलं भाषा कळली नाही. मग कळलं की भेटीबरोबर सिंटच्या नावानं एक यमक जुळवलेली कविता हवी. जिला भेट मिळते तिनं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, आणि तिच्यात तिच्या वर्षभरातल्या खोडी काढलेल्या असतात. माझ्या पुडक्यातली कविता सासऱ्यांनी लिहिली होती. मी त्यांच्या बटाट्याच्या लगद्यावर न विचारता तिखट भुरभुरवते, आणि ‘पाच मिनिटांत पोहोचते’ म्हणून चाळीस मिनिटांनी येते, हे सोळा ओळींत. मी आपली तोंडघशी पडल्यासारखी वाचत होते आणि सगळे हसत होते. रात्री नवऱ्याशी भांडले. त्यानं एवढंच सांगितलं, ‘पाहुण्यांवर बाबा कविता करत नाहीत.’

मराठी माणसाला ही कला जन्मजात येते. उखाणे घेणारी आपली जमात! नाव घेताना सासूला कोपरखळी मारण्याचं कौशल्य आपल्याकडे किती शतकांचं आहे. तेव्हा कविता मराठीतच लिहा. नियम थोडे: सही सिंटची, लिहिणारा गुप्त. दोन-दोन ओळींचं यमक. खोडी काढायची ती सवयीची. रूपाची, वजनाची, मार्कांची नाही. आणि शेवटी भेटीची सूचना. आमच्या घरच्या एका कवितेचा नमुना देते. काय मिळालं असेल ते तुम्ही ओळखालच:

सिंट बसले स्पेनमध्ये उघडून जाडी वही,
बाबांच्या या पानावरती शाई संपत नाही.
चष्मा शोधत फिरले बाबा अख्खा तास घरभर,
आणि चष्मा ऐटीत बसला त्यांच्याच डोक्यावर!
किल्ली निघते फ्रीजमधून अन् मोजा सोफ्याखाली,
शोधून शोधून आईला तर आता चक्कर आली.
म्हणून सिंटनं पाठवलंय हे छोटंसं खोकं,
आत काय ते ओळखा आधी, खाजवा जरा डोकं!

ही माझ्या मुलीनं लिहिली, नऊ वर्षांची असताना, शेवटच्या दोन ओळींना माझी थोडी मदत. तुमचा मोठा त्याच वयाचा आहे. आणि इथे एक सोय आहे जी सांताकडे नाही. डच मुलांना साधारण सात-आठव्या वर्षी सिंटचं गुपित कळतं, पण त्यामुळे सण संपत नाही, मूल वरच्या वर्गात जातं. इथल्या प्राथमिक शाळांत खालच्या वर्गांना सिंट भेट देतो, आणि आठ-नऊ वर्षांची झाली की मुलं एकमेकांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढतात आणि ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी भेट-कविता स्वतः करतात. म्हणजे तुमच्या मोठ्याला विश्वासात घ्या, ‘तू आता सिंटचा माणूस’ म्हणून. धाकटीपासून गुपित राखण्याची जबाबदारी मिळाली की तो दोन इंच उंच होईल.

कवितेची जुळी बहीण म्हणजे ‘सुरप्रीझं’. शब्द फ्रेंच वळणाचा, अर्थ घरगुती: भेट अशा वस्तूत लपवायची जी तुम्ही पुठ्ठा, रद्दी, खळ वापरून स्वतः केली आहे आणि जिच्यात त्या माणसाची काही खूण आहे. आमच्या पाळणाघरात एका मुलीची सायकल चोरीला गेली होती. तिची चिठ्ठी निघालेल्या आठ वर्षांच्या मुलानं पुठ्ठ्याची सायकल केली. चाकं पिझ्झाच्या खोक्यांची, साखळी काळ्या लोकरीची, आणि सीटवर लिहिलेलं: ‘ही कुणी नेणार नाही, चालतच नाही.’ भेट, म्हणजे एक साधी घंटी, सीटच्या आत सात थर वर्तमानपत्रांत. तिनं ती सायकल फोडायलाच नकार दिला. शेवटी तळाला कात्रीनं भोक पाडून घंटी काढली. भेटीची किंमत आम्ही पाच युरोंवर बांधून घालायचो. तुम्हीही मर्यादा ठेवा, नाहीतर मोठी माणसं पैशानं वेळ वाचवू बघतात. चिठ्ठ्या मात्र दिवाळीचा फराळ संपला की लगेच काढा. तीन आठवडे लागतात. चार तारखेच्या रात्री खळ वाळत नाही.

बूट ठेवणं धाकटीसाठी. सिंट आल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून, संध्याकाळी एक बूट शेकोटीपाशी किंवा हीटरपाशी ठेवायचा, आत घोड्यासाठी गाजर, शेजारी वाटीत पाणी, आणि एक गाणं म्हणायचं. सकाळी गाजर कुरतडलेलं आणि बुटात संत्रं, मूठभर बिस्किटं, नावाच्या पहिल्या अक्षराचं चॉकलेट. (सगळी अक्षरं एकाच वजनाची असतात. ‘आय’ जाड ओततात आणि ‘डब्ल्यू’ पातळ. यावर भांडण होणारच, म्हणून आधीच सांगितलं.) रोज ठेवू देऊ नका. शनिवारी रात्री, फार तर दोन-तीन वेळा. मी पहिल्या वर्षी रोज हो म्हटलं आणि आठव्या दिवशी मध्यरात्री बुटातल्या खाऊसाठी उघडा पेट्रोल पंप शोधत होते.

सिंटच्या सोबत्याबद्दल बोलावंच लागेल, कारण जुने फोटो निघाले की तो दिसेल. शेंकमानच्या पुस्तकात सिंटचा नोकर काळा आहे, आणि पुढे दीडशे वर्षं गोरी माणसं तोंडाला काळं फासून, कुरळा टोप घालून ‘काळा पीट’ होत राहिली. माझा मुलगा चार वर्षांचा असताना बागेत एका पोरानं त्याला निरागसपणे विचारलं होतं, ‘तू पीट आहेस का?’ त्या रात्री मला झोप आली नाही. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर 2019 साली टीव्हीवरच्या मुख्य मिरवणुकीत काळे पीट राहिले नाहीत, गालावर काजळीचे दोन-चार फराटे असलेले आले. धुराड्यातून उतरतो तर एवढंच लागणार. आजोबांचा पीट जुना असेल, त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका. पण तुमच्या गव्हाळ पोरांच्या घरात काजळीवाला पीटच येईल, हे पहिल्या वर्षीच ठरवून टाका. तसं पाहिलं तर पीटचा फक्त हात दिसला तरी पुरतो. 5 तारखेला संध्याकाळी शेजाऱ्याला पढवून ठेवायचं: दार जोरात धडधडवायचं, हातमोजा घातलेला हात फटीतून आत, मूठभर बिस्किटं खोलीत भिरकावायची, पोतं उंबऱ्यात टाकून पळायचं. मुलं जमिनीवर लोळण घेतात. तुमचा झाडू नंतर आठवडाभर सोफ्याखालून माल काढत राहील.

ती बिस्किटं घरी करा. दुकानात ज्यांना लोक सरसकट ‘पेपरनोतन’ म्हणतात ती बहुधा ‘क्राउदनोतन’ असतात: कडक, गोल, गडद. खरी पेपरनोतन मऊ, चिवट, बडीशेपेच्या वासाची. ती मला फारशी आवडत नाहीत. क्राउदनोतनसाठी अडीचशे ग्रॅम मैदा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, सव्वाशे ग्रॅम गडद ब्राऊन शुगर, सव्वाशे ग्रॅम लोणी, चिमूट मीठ, दोन-तीन मोठे चमचे दूध आणि एक मोठा चमचा भरून मसाला. मसाला असा: चार भाग दालचिनी, एक लवंग, एक जायफळ, आणि सुंठ, वेलदोडा, पांढरी मिरी प्रत्येकी अर्धा. म्हणजे आपल्याच डब्यातलं सामान. गोळा दोन तास फ्रीजमध्ये मुरू द्या, मग मोठ्या गोटीएवढ्या गोळ्या, अंगठ्यानं किंचित दाबून 170 अंश सेल्सिअसवर पंधरा मिनिटं. शंभराच्या आसपास होतात. ओव्हनमधून काढताना मऊ असतात, घाबरू नका, गार झाल्यावर कडकतात. पेढ्याएवढ्या केल्यात तर आतून भुसभुशीत राहतील, ती नानकटाई झाली.

नानकटाईचंही नातं इथेच लागतं म्हणे. सुरतेतल्या डच बेकरीतून ती आली असं सांगतात. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यालाही डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. माहेरी याल तेव्हा मुलांना न्या. ह्याच कंपनीनं जायफळासाठी 1621 साली इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर कत्तल केली, हेही मोठ्याला योग्य वयात सांगा. मी सांगितलं तेव्हा माझी मुलगी म्हणाली, ‘मग आपण जायफळ घालायचं नाही का?’ घालतो अजून.

आता 25 तारीख, थोडक्यात. मिशिगनच्या डच घरांत तुम्ही ‘बांकेत’ हा शब्द ऐकला असेल: पफ पेस्ट्रीच्या आत बदामाचं सारण, लांब काठीसारखं, इथे ख्रिसमसला त्याचंच गोल कडं करून वर चेरी लावतात. करंजी येणाऱ्या बाईला यात काही कठीण नाही. सालं काढलेल्या बदामांची पूड आणि साखर सारख्या वजनानं, अंडं, लिंबाची किसलेली साल. हे सारण आठवडाभर आधी करून फ्रीजमध्ये ठेवलं तर चव छान मुरते (अंडं मात्र गुंडाळण्याच्या दिवशी घाला). पेस्ट्री विकतची चालेल. सांधा खाली ठेवा, वर काट्यानं टोचे मारा, 200 अंश सेल्सिअसवर पंचवीस-तीस मिनिटं. मार्झिपान भरू नका, ते वेगळं प्रकरण आहे, भाजताना वितळून वाहतं.

रात्री ‘खूरमेतन’. टेबलाच्या मधोमध विजेची शेगडी, प्रत्येकाला एक चिमुकला तवा, ज्याचं त्यानं भाजून खायचं. तिकडे राक्लेट ग्रिल नावानं मिळेल. नवऱ्याचे काका मांसाचे तुकडे आणतील. तुम्ही पनीर, मशरूम, आलं-लसूण-हळद लावलेली कोळंबी ठेवा. वरच्या सपाट भागावर इथे छोटे पॅनकेक घालतात, आम्ही घावनांचं पीठ ठेवतो, आणि दरवर्षी तेच आधी संपतं. तीन तास जातात, कुणालाही स्वयंपाकघरात एकटं राबावं लागत नाही. दोन सूचना: वायर मुलांच्या पायात येऊ देऊ नका, आणि सगळ्यांचे कोट आधी वरच्या खोलीत नेऊन दार लावा. नाहीतर नाताळ संपेपर्यंत अख्खं खानदान तळणाच्या वासाचं.

हे सगळं लिहिलं, पण एकदम करू नका. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या-कविता आणि एक दिवस क्राउदनोतन, बस. घरात दिवाळी नुकतीच झालेली असते आणि बाई एकच असते. बाकीचं दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी, आणि जे कुणाला आठवणार नाही ते आपोआप गळेल.

आणि सुरू करण्याआधी आजोबांना फोन करा. ‘डच’ हे फार मोठं पोतं आहे. फ्रिसलंडमधल्या ग्राऊ गावात सिंटरक्लास नाहीच, तिथे 21 फेब्रुवारीला सिंट पीटर येतो. आमलंड बेटावर डिसेंबरच्या सुरुवातीला पुरुष मुखवटे घालून गावभर फिरतात. पूर्वेकडच्या त्वेंत भागात ॲडव्हेंटपासून, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांपासून, 6 जानेवारीपर्यंत लाकडी शिंगं फुंकतात. आणि आजोबांचं घर प्रोटेस्टंटांतल्या कडक रिफॉर्म्ड पंथाचं असेल, तर त्यांच्या लहानपणी संतबिंत काहीच नसेल. ख्रिसमसच्या सकाळी चर्च, लांबलचक प्रवचन, आणि ते सुरू होताना आईनं हळूच हातात सरकवलेली पेपरमिंटची गोळी. तसं निघालं तर निराश होऊ नका. मग तुमच्या घरची परंपरा ती गोळी आहे, आणि सिंट शेजारून उसना आणलेला पाहुणा.

त्यांना ‘तुमच्याकडे काय परंपरा होत्या’ असं विचारू नका, ‘काही नाही’ असं उत्तर येईल. विचारा, बूट कुठे ठेवायचात? चुलीपाशी की दारात? खोली गार असायची का? घोड्याला गाजर की गवत? फोन स्पीकरवर ठेवा, रेकॉर्ड करा, मुलांना शेजारी बसवा. चिठ्ठ्यांमध्ये त्यांचंही नाव घाला. कविता ते फ्रिशियनमध्ये लिहितील, कुणालाच कळणार नाही, तेव्हा वाचूनही त्यांच्याकडूनच घ्या.